अळीला औषधाची सवय होत नाही

ऑक्टोबरच्या शेवटी कपाशीच्या वावरात शिरा, बाहेरून निर्मळ दिसणारं एक हिरवं बोंड तोडा आणि फोडून पाहा. सालीवर भोक दिसणार नाही. अंड्यातून निघालेली गुलाबी बोंडअळी केसासारखी बारीक असते, ती आत शिरते ते छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जातं. खुणा सापडतात त्या आत. सालीच्या आतल्या अंगाला फोडासारखी पुळी असते, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाणारं गोल छिद्र असतं, आणि सरकीत तोंड खुपसून बसलेली अळी असते. लहान असली तर पांढुरकी, डोकं तेवढं काळसर. मोठी झाली की गुलाबी. ही सरकी बीटी वाणाची आहे, म्हणजे तिच्यातच अळीला मारणारं प्रथिन आहे. तरी ही अळी ते खाऊन धडधाकट आहे.

असं का, याला कृषी केंद्रापासून पारापर्यंत एकच उत्तर मिळतं: ‘अळीला बीटीची सवय झाली.’ फवाऱ्याबद्दलही हेच ऐकू येतं, ‘या औषधाची सवय झाली, आता दुसरं द्या.’ हे उत्तर चुकीचं आहे आणि ही चूक महागात पडते, म्हणून ती नीट उलगडायला हवी.

सवय एकाच जिवाला लागते. विळा धरून धरून तळहाताला घट्टे पडतात, तिखट खाऊन खाऊन जीभ तयार होते. हात तोच, जीभ तीच. बीटी सरकी खाणाऱ्या अळीच्या बाबतीत असं होत नाही. जी अळी त्या प्रथिनाला बळी पडणारी होती ती दोन-चार दिवसांत मेली. मेलेल्या अळीला कसली सवय होणार? जी वाचली ती मुळातच वेगळी होती, बीटीचं बियाणं देशात यायच्या आधीपासून तिचे पूर्वज असेच वेगळे होते. बीटीने अळी बदलली नाही. लाखो अळ्यांमधून वेगळ्या असलेल्या मूठभर तेवढ्या बाजूला काढल्या, बाकीच्या मारल्या, आणि पुढची पिढी त्या मूठभरांची झाली. याला नैसर्गिक निवड म्हणतात. पिढीमागून पिढी अशी निवड होऊन अख्ख्या जातीचा तोंडवळा बदलतो, त्याला उत्क्रांती म्हणतात.

डार्विनने 1859 साली आपलं म्हणणं जगापुढे मांडलं तेव्हा सुरुवात केली ती पाळीव जनावरं आणि कबुतरं जोपासणाऱ्यांपासून, कारण निवड काय असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ गोवंश. अंगाने हलका, चालीला चपळ. शंकरपटात पळून पळून बैलाचा दम वाढेल, पण त्या पळण्यामुळे वासरं चपळ निपजत नाहीत. जोपासणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चपळ वळूच पैदाशीला धरला, मंद वळू बाजूला केला, म्हणून हा गोवंश असा झाला. अळीच्या बाबतीत हीच निवड आपण नकळत केली, आणि आपल्याच नुकसानीची केली.

आता ही वेगळी अळी वेगळी कशाने, ते पाहू. बीटी प्रथिन अळीच्या पोटात जातं, तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, पाचक रसांनी तुटून कामाचं होतं आणि आतड्याच्या भिंतीवरच्या एका ठरावीक रेणूला जाऊन चिकटतं. किल्ली कुलपात बसते तसं. ती बसली की भिंतीला छिद्रं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या आतड्यात हे कुलूपच नाही, म्हणून आपल्याला ही किल्ली लागत नाही. कुलूप घडवणाऱ्या जनुकातच बिघाड असलेल्या अळ्या निसर्गात क्वचित जन्मतात. त्यांच्या आतड्यात किल्ली नीट बसत नाही. एरवी असा बिघाड अळीच्या काही फायद्याचा नसतो, आणि म्हणूनच तो क्वचित असतो. बीटी खायची वेळ आली की तोच बिघाड तिला तारतो.

पुढचा हिशेब थोडा सावकाश वाचा, कारण लेखाच्या शेवटी माणसांच्या एका आजारात हाच हिशेब पुन्हा लागणार आहे. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच अळी बीटीवर जगते. एक चांगली आणि एक बिघडलेली असेल तर चांगल्या प्रतीपुरती कुलपं तयार होतात आणि पुरेसं विष मिळालं तर अळी मरते. समजा हजार प्रतींत एक बिघडलेली आहे. मग दोन्ही बिघडलेल्या अळ्या दहा लाखांत एक. एकच बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या मात्र दहा लाखांत दोन हजार. म्हणजे बिघाड सगळा या दोन हजारांत लपलेला असतो.

दहा लाखांतून वाचलेल्या त्या एकीचा पतंग झाला की त्याला जोडीदार कोण मिळतो, यावर सगळं अवलंबून आहे. शेजारी बिनबीटी कपाशीच्या ओळी असतील तर तिथून हजारो साधे पतंग निघालेले असतात. वाचलेल्याची गाठ त्यांच्याशी पडते, अंड्यांना एक चांगली प्रत मिळते आणि ती पोरं बीटी बोंडात मरतात. बिघाड पुन्हा दबतो. शेजारी अशा ओळी नसतील तर वाचलेला पतंग वाचलेल्याशीच जुळतो आणि त्यांची सगळी पिल्लं दोन्ही प्रती बिघडलेली निपजतात. गुलाबी अळीची एक पिढी महिनाभराची आणि एकेक मादी शंभराच्या वर अंडी घालते. वाढायला किती वेळ लागेल?

यासाठीच बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचं वेगळं पाकीट येत असे. नियम असा होता की बीटी क्षेत्राभोवती बिनबीटीच्या निदान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या 20 टक्के, यातलं जे जास्त असेल ते लावायचं. यालाच आश्रय ओळी म्हणतात. बहुतेक वावरांत ते पाकीट धुऱ्यावर पडून राहिलं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण त्या पाकिटातलं बियाणं मुख्य वाणाबरोबर फुलावर येईलच याची खात्री नसे, त्यावर अळी पडणार हे ठरलेलं, आणि आपल्या वावरात मुद्दाम अळी का पोसायची हे त्याला कोणी हिशेब मांडून सांगितलं नाही. ‘पाच ओळी लावा’ एवढंच सांगितलं. काही पाकिटांत तर तूर यायची. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर, टमाट्यावरही जगते, तिच्यासाठी तूर चालते. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते, तिच्या दृष्टीने तूर लावली काय आणि न लावली काय, सारखंच.

भारतात बीटी कपाशीला मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तिच्यात एकच प्रथिन होतं. 2006 मध्ये दोन प्रथिनांचं बियाणं आलं. दोन वेगवेगळी कुलपं एकाच अळीत बिघडलेली असण्याची शक्यता फारच कमी, हा त्यामागचा विचार बरोबर होता. पण जुनं एक प्रथिनाचं बियाणंही सोबत पेरलं जात होतं, त्यामुळे पहिलं प्रथिन आधीच निकामी होत चाललं. 2010 मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या प्रथिनाला जुमानत नसल्याचं जाहीर झालं. म्हणजे दुसरं प्रथिन एकट्यानेच लढत होतं. पुढे तेही गेलं, आणि 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली.

आपल्याकडच्या दोन गोष्टींनी अळीची निवड आणखी वेगाने झाली. पहिली म्हणजे संकरित वाण. संकरित झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, त्यामुळे एक जनुकाच्या वाणात बोंडातल्या साधारण चारातल्या एका सरकीत ते उतरतच नाही. गुलाबी अळी सरकीच खाते. एका सरकीत विष, शेजारच्या सरकीत नाही, अशा मिसळीत ‘एक प्रत बिघडलेल्या’ अळीलाही जगायची फट मिळते. दुसरी गोष्ट फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं कपाशीचं पीक. झाड जुनं होत गेलं की त्यातलं बीटी प्रथिन कमी होत जातं. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवली की अळीला दोन-तीन पिढ्या जास्तीच्या मिळतात आणि त्याही सौम्य विषावर. अर्धवट विष हे निवडीचं सगळ्यात वाईट हत्यार आहे. दणकट अळ्या तर सोडाच, अर्ध्या दणकटही त्यातून सुटतात.

हीच अळी आणि हेच पहिलं प्रथिन अमेरिकेत अॅरिझोनातही होतं, 1996 पासून. तिथे 2005 पर्यंत आश्रय कपाशी नेमाने लावली गेली आणि अळीची प्रतिकारशक्ती वाढली नाही. 2006 पासून नापीक केलेले पतंग सोडायला लागले, म्हणजे रानातल्या पतंगाला जोडीदार मिळाला तरी अंडी फळत नसत. 2018 मध्ये तिथल्या कृषी खात्याने देशातल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच होती, विष तेच होतं, फरक पडला तो निवड कशी होऊ दिली यामुळे.

मग आज वावरात काय करायचं? आता बहुतेक ठिकाणी बिनबीटी बियाणं पाकिटातच मिसळून येतं, ते निवडून काढू नये. पेरणीपासून साधारण 45 दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) पिकाच्या फूट-दीड फूट वर लावावेत, पीक वाढेल तसे वर सरकवावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की इशारा समजावा. डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या अळीने जाळ्याने बांधल्यामुळे न उमललेली गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुलं, दिसतील तशा तोडून अळीसकट नष्ट कराव्यात, वावरातच फेकू नयेत. दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं फोडावीत. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली, म्हणजे 10 टक्के, तरच फवारणी. आणि फवारताना त्याच गटातलं, म्हणजे अळीला त्याच पद्धतीने मारणारं, औषध पुन्हा नको. इथे एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. डब्यावरचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या डब्यांत एकाच गटाचं रसायन असू शकतं, आणि तेव्हा आपण तीच निवड पुढे चालवतो. गट विचारून घ्या. तीन-चार औषधं एकत्र कालवून फवारणं तर अळीपेक्षा फवारणाऱ्याच्या जिवावर उठतं. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरता येणार नाही. डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेवटचा वेचा करून पऱ्हाटी काढावी. धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग रचून ठेवले तर वाळक्या बोंडांत झोपलेली अळी पुढच्या खरिपाची वाट पाहते.

निवड फक्त विषच करतं असं नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत सावा जातीचं एक गवत उगवतं, रोपाच्या वयात ते अगदी धानासारखं दिसतं. आशियातल्या धानाच्या पट्ट्यात शेकडो वर्षं हाताने निंदण चालत आलं आहे. बुडाशी लालसर, पसरट वाढणारं गवत दिसलं की ते उपटलं गेलं. हिरव्या बुडाचं, सरळ उभं राहणारं तेवढं नजरेतून निसटलं आणि त्याचंच बी पडलं. गवताने धानाची नक्कल केली नाही. निंदणाऱ्या बायांच्या नजरेनेच ते घडवलं. ओळखायचं असेल तर पान खोडाला जुळतं तिथे बोटाने पान जरा मागे ओढून पाहा. धानाला तिथे पातळ पांढुरकी जिभळी असते, या गवताला ती नसते.

ताडोबा किंवा मेळघाटच्या रानात आणखी एक कोडं आहे. वाघ नारिंगी का? हिरव्या रानात हिरवा वाघ जास्त लपला असता. पण निवडीला हातात असलेल्यातूनच निवडावं लागतं. सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्यं दोनच प्रकारची, एक काळं-तपकिरी आणि एक पिवळं-तांबूस. हिरवा केस कोणत्याही वाघिणीच्या पोटी कधी जन्मलाच नाही, मग निवडणार कुठून? आणि नारिंगीवर भागतंही. चितळ, सांबर, रानडुक्कर यांच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असल्याने नारिंगी आणि हिरवा त्यांना जवळपास सारखाच दिसतो. उन्हा-सावलीच्या पट्ट्यांत उभा असलेला वाघ चितळाच्या डोळ्याला गवताचाच भाग वाटतो. वानराचं तसं नाही. वानर, लाल तोंडाचं माकड आणि माणूस ज्या कुळातले, त्या कुळात तीन-चार कोटी वर्षांपूर्वी रंग पाहण्याच्या एका जनुकाची जास्तीची प्रत तयार झाली आणि तिसऱ्या प्रकारच्या पेशी आल्या. कोवळी तांबूस पानं आणि पिकलेली फळं हिरव्यातून वेगळी काढायला त्या कामी आल्या असाव्यात असं मानलं जातं. उंच झाडावरच्या वानराला वाघ नारिंगी दिसतो. ते खाकरलं की खाली चितळांच्या कळपाचे कान उभे राहतात. चितळाला वाघाची इतकी भीती असूनही तिसरी पेशी आली नाही, कारण गरज पडली म्हणून जनुक बदलत नाही. बदल आपोआप, अंदाधुंद होतात, गरज फक्त त्यातून निवड करते.

आता माणसांतला तो आजार. सिकलसेल विदर्भाला नवा नाही. गोंड, माडिया, परधान, कोरकू या आदिवासींत तो आहे आणि इतर अनेक समाजांतही आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनची एक साखळी 146 मण्यांची असते. तिचा सहावा मणी बदलला की ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवस. त्यातून पंडुरोग, हाडा-सांध्यांच्या असह्य कळा आणि वारंवार संसर्ग.

इतकं जीवघेणं जनुक निवडीने गाळून का टाकलं नाही? बोंडअळीचा हिशेब आठवा. इथेही दोन प्रती. दोन्ही बदललेल्या असतील तर आजार. एकच बदललेली असेल तर माणूस वाहक, साधारणपणे निरोगी. आणि या वाहकाला गंभीर मलेरियापासून मोठं संरक्षण मिळतं. मलेरियाचा जंतू शिरलेली त्याची पेशी वाकते आणि प्लीहा तिला जंतूसकट बाहेर काढते. वाहकाला असं संरक्षण मिळतं हे अँथनी अॅलिसन या शास्त्रज्ञाने 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं. मलेरियाच्या रानात साधी दोन प्रतींची पोरं तापाने जात, दोन बदललेल्या प्रतींची पोरं सिकलसेलने जात, आणि एक-एक प्रतीची पोरं टिकत. समजा साध्या मुलांपैकी शंभरात दहा मलेरियाने जातात, वाहक एकही जात नाही आणि सिकलसेलचं एकही मूल मोठं होत नाही. हिशेब केला तर जन्मणाऱ्या 121 बाळांत 100 साधी, 20 वाहक आणि 1 आजारी, या प्रमाणावर गाडी येऊन थांबते. ते प्रमाण त्याहून वरही जात नाही, खालीही येत नाही. गडचिरोलीसारख्या भागात मलेरिया आजही आहे, तेव्हा हा जुना इतिहास फारसा दूरचा नाही.

मलेरिया उद्या पूर्ण गेला, तरी हे जनुक लगेच जाणार नाही. वरच्याच हिशेबाने ते निम्म्यावर यायला अकरा पिढ्या, म्हणजे पावणेतीनशे वर्षं लागतील, कारण ते वाहकांत लपून राहतं, अळीतल्या त्या दोन हजारांसारखं. यात कोणाचं पाप नाही, शाप नाही, स्पर्शाने ते लागत नाही. वाहक असणं हा दोषही नाही. ज्या पूर्वजांनी हे जनुक दिलं, ते त्याच्याच बळावर तापातून वाचले होते.

म्हणून वाहक मुलीचं किंवा मुलाचं लग्न मोडायचं कारण नाही. वाहकाने साध्या प्रतींच्या जोडीदाराशी लग्न केलं तर एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघंही वाहक असतील तर मात्र प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका. ‘पहिलं मूल आजारी झालं, आता तीन चांगली होतील’ असा अर्थ लावू नका, दर वेळी फासे नव्याने पडतात. ज्या पालकांना दोघंही वाहक असल्याचं माहीत आहे, त्यांना गर्भ 10 ते 12 आठवड्यांचा असताना तपासणी करता येते, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं. बाळ जन्मल्यावर पहिले पाच-सहा महिने गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं, त्यामुळे लक्षणं दिसत नाहीत. नंतर हाता-पायाचे पंजे दुखरे सुजले तर ती तेलमालिश करून थांबायची वेळ नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्ताच्या नियमित तपासण्या करतच घ्यायचं असतं.

1 जुलै 2023 पासून देशातल्या आदिवासीबहुल भागांत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी हा तिचा मुख्य भाग आहे. पहिली चाचणी सोल्युबिलिटीची, बोटातून थेंबभर रक्त घेऊन. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच आहे असं नाही, कारण वाहकाचीही ती पॉझिटिव्ह येते. वाहक की आजारी हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या दुसऱ्या चाचणीने ठरतं. पहिल्या चाचणीच्या कागदावर कोणतंही लग्न जमवू नका की मोडू नका. दुसरीचा अहवाल हातात घ्या आणि मग दोघांचे कागद शेजारी ठेवून पाहा.